हाडाने धरलेला दात

इम्प्लांट बसवून घ्यावा की नाही या विचारात समोर बसलेला मनुष्य, खर्च किती येईल आणि दुखेल किती हे दोन प्रश्न विचारून झाले, की क्षणभर थांबून तिसरा विचारतो : "पण डॉक्टर, हा स्क्रू किती वर्षं टिकेल?" गेली तीस-बत्तीस वर्षे मी हा प्रश्न ऐकत आलो आहे, आणि प्रत्येक वेळी त्यातला कर्ता बदलून द्यावा असे मला वाटते, कारण दहा-बारा मिलिमीटर लांबीच्या त्या टायटॅनियमच्या स्क्रूला कीड लागत नाही, गंज चढत नाही आणि तो सहसा मोडतही नाही. टिकावयाचे असते ते त्याच्या भोवतीचे हाड, आणि हाड ही रोज झिजणारी व रोज घडणारी जिवंत वस्तू आहे. ते आधी पुरेसे असावे लागते, नसेल तर निर्माण करावे लागते, निर्माण झाल्यावर त्याने स्क्रूला धरावे यासाठी मुदत द्यावी लागते, आणि धरल्यानंतरही जन्मभर त्याचा सांभाळ करावा लागतो. यांपैकी वैद्याच्या हातचे काम वैद्य करील. परंतु रुग्णाने समजून घ्यावे आणि वेळच्या वेळी विचारून घ्यावे असे यात पुष्कळ आहे, ते येथे मांडावे असा हेतू आहे.

प्रारंभ करावयाचा तो दात काढण्याच्या दिवसापासून. सुश्रुताने अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत दातांना रुचक या नावाने अस्थींमध्येच स्थान दिले आहे. आजचे शरीरशास्त्र दाताला हाड मानीत नाही, तथापि या दोहोंचे सख्य पूर्वसूरींना जाणवले होते त्याहूनही घट्ट आहे, कारण जबड्याच्या हाडाचा जो भाग दातांच्या मुळांना कवेत घेतो, तो दातांबरोबरच उगवतो, दात असेपर्यंत नांदतो, आणि दात गेला की विरू लागतो. किती वेगाने विरतो याचे मोजमाप डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केले : दाढा व उपदाढा काढलेल्या जागी हाडाची रुंदी बारा महिन्यांत सुमारे निम्म्याने घटली, आणि त्या घटीचा दोन-तृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच पडला. वरच्या पुढच्या दातांची स्थिती याहून नाजूक. तेथे ओठाकडची हाडाची भिंत बहुतेकांत एक मिलिमीटरही जाड नसते, आणि दाताच्या मुळाभोवतीच्या तंतुमय आवरणातून तिला रक्ताचा जो पुरवठा होतो तो दाताबरोबरच तुटत असल्यामुळे, मेढ काढून घेतलेल्या कुडाप्रमाणे ती आत बसते.

एका तालुक्याच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांचा वरचा पुढचा दात जाऊन तीन वर्षे लोटली होती. काढता-घालता येणारा प्लास्टिकचा दात लावून त्या भागवीत होत्या. मुलीचे लग्न उरकले की पक्का दात बसवू, असा त्यांचा बेत होता. हिरडीवरून बोट फिरवले तर फारसे काही कळत नव्हते, परंतु सीबीसीटी या त्रिमितीय क्ष-किरण तपासणीतला आडवा छेद पडद्यावर आला, तेव्हा जेथे सात-आठ मिलिमीटर रुंदीचे हाड असावयाचे तेथे विळीच्या पात्यासारखी जेमतेम अडीच मिलिमीटरांची धार उरलेली दिसली. दात काढला त्याच दिवशी आणखी अर्धा तास देऊन ज्या हानीला बराच आळा घालता आला असता, तिच्या भरपाईसाठी पुढे दोन शस्त्रक्रिया आणि जवळजवळ एक वर्ष खर्ची पडले. बाईंची यात काही चूक नव्हती. त्या जागी पुढे काय बसवावयाचे आहे, हे दात काढताना त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून आपला दात काढावयाचे ठरले, की काढण्यापूर्वीच वैद्यांना विचारावे, की या जागी इम्प्लांट बसवण्याचा विचार असेल तर खळगा राखण्यासाठी आज काय करता येईल. दात ओढून न काढता त्याचे मूळ हळूहळू सैल करून, गरज पडल्यास त्याचे तुकडे करून, भोवतीच्या भिंतींना धक्का न लावता काढता येतो; रिकाम्या खळग्यात हाडाची भर घालून वरून पडदा लावता येतो; आणि भिंती शाबूत असतील, पू नसेल, तर काही ठिकाणी त्याच बैठकीत इम्प्लांटही बसवता येतो. अशी भर घातल्याने हाडाची घट पुरती थांबते असे नाही, ती बरीच कमी होते, एवढेच म्हणणे सत्याला धरून होईल.

धातू आणि हाड यांचे हे नाते प्रथम लक्षात आले ते दातांच्या दवाखान्यात नव्हे. स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळकांडी बसवून अस्थिमज्जेतील रक्ताभिसरणाचे निरीक्षण करीत होते. काम संपल्यावर ती महागडी नळकांडी काढून पुन्हा वापरावी असा त्यांचा विचार होता, पण ती निघेनात, कारण हाड त्यांना अगदी चिकटून वाढले होते. सामान्यतः परकी वस्तू शरीरात राहिली तर शरीर तिच्याभोवती तंतूंचे वेष्टण घालून तिला वेगळे पाडते. टायटॅनियमच्या पृष्ठावर हवेच्या स्पर्शाने आपोआप जो ऑक्साइडचा सूक्ष्म थर चढतो, त्याला मात्र हाडाच्या पेशी परका मानीत नाहीत. पुढे १९६५ साली गोथेनबर्ग येथे ब्रोनेमार्क यांनी जन्मतः जबडा सदोष असलेल्या एका गृहस्थाच्या खालच्या जबड्यात असे चार स्क्रू बसवले, आणि २००६ साली ते गृहस्थ निवर्तले तोपर्यंत त्या स्क्रूंनी त्यांची साथ सोडली नाही. त्या काळची शिस्त अशी होती, की स्क्रू हिरडीखाली झाकून खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने त्याला कोणताही भार न लावता राहू द्यावयाचे. आज स्क्रूचे पृष्ठ मुद्दाम खरखरीत केलेले असल्यामुळे ही मुदत पुष्कळ ठिकाणी सहा ते बारा आठवड्यांवर आली आहे; पण ती संपली आहे असे कोणी समजू नये.

आता जेथे हाड उरलेलेच नाही तेथे ते आणावयाचे कसे, हा या विषयाचा खरा गाभा आहे, आणि तो शेतजमिनीच्या भाषेत सांगितला तर आपल्या वाचकांना चटकन उमगेल. जबड्यातील पोकळी ही पडीक जमिनीसारखी असते, आणि तिच्यावर दोन दावेदार टपलेले असतात : एक हिरडीच्या मऊ पेशी, ज्या झपाट्याने पसरतात, आणि दुसऱ्या हाड घडवणाऱ्या पेशी, ज्या संथ चालीने येतात. कुंपण नसेल तर जो आधी पोहोचला त्याचा ताबा, या न्यायाने हिरडी आत शिरून सारी जागा व्यापते, आणि हाड पोहोचते तेव्हा त्याच्यासाठी काही उरलेले नसते. गोथेनबर्ग येथेच ख्रिस्तर डालिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली उंदरांच्या जबड्यात दोन्ही बाजूंना सारखी छिद्रे पाडून एका बाजूवर टेफ्लॉनचा बारीक पडदा घातला व दुसरी बाजू तशीच ठेवली. पडद्याआडची पोकळी हाडाने भरून आली, उघड्या बाजूची भरली नाही. आज जगभर दंतवैद्य हाड वाढवताना जो पडदा घालतात, तो या मऊ पेशींचे अतिक्रमण रोखणारे कुंपण होय. कुंपण घातल्यानंतर तीन गोष्टी लागतात : आतली जागा कोसळता कामा नये, रक्ताची गुठळी हलता कामा नये, आणि वरची हिरडी ताण न पडता मिटली पाहिजे. टाके उसवून पडदा उघडा पडणे हा या शस्त्रक्रियेतील सर्वांत वारंवार येणारा अपघात आहे, आणि तो घडला की आतील हाडाची पुष्कळशी जमा बुडते.

जागा कोसळू नये म्हणून आत जे दाणे भरतात, त्यांविषयी लोकांत एक गैरसमज आहे तो दूर करणे अगत्याचे वाटते. 'हाडाची पावडर भरली' असे रुग्ण सांगतो, तेव्हा ती पावडरच हाड होणार अशी त्याची समजूत असते. वास्तविक ते दाणे म्हणजे वेलासाठी घातलेला मांडव. वेल आपल्या मुळातून, म्हणजे शेजारच्या जिवंत हाडातून, यावयाचा असतो. हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागच्या भागातून काढलेले रुग्णाचे स्वतःचे हाड यांत सर्वांत गुणकारी, कारण त्यात जिवंत पेशी असतात. परंतु ते लवकर विरते, आणि ते काढावयाचे म्हणजे दुसरी जखम आली. दात्याच्या शरीरातून घेऊन प्रक्रिया केलेले मानवी हाड, गाईच्या अथवा डुकराच्या हाडातील सेंद्रिय भाग काढून केलेले दाणे, आणि कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम दाणे, असे इतर पर्याय आहेत. गोजन्य दाणे फार सावकाश विरतात, वर्षानुवर्षे तसेच राहतात, आणि जागा राखण्याच्या दृष्टीने तोच त्यांचा गुण आहे. या उलट पडद्यांत जे कोलॅजनचे असतात ते काही आठवड्यांत अथवा महिन्यांत विरघळतात, आणि तेही बहुधा डुकराच्या अथवा गाईच्या ऊतींपासून केलेले असतात. आपल्याकडे कित्येकांच्या धर्मभावनेला व आहारनियमांना ही बाब स्पर्श करते. ज्याला ती महत्त्वाची वाटते त्याने संकोच न बाळगता, शस्त्रक्रियेच्या आधी, साहित्य कशापासून केलेले आहे हे स्पष्ट विचारावे, आणि वैद्यानेही न विचारता सांगावे. कृत्रिम दाण्यांचा अथवा स्वतःच्या हाडाचा पर्याय बहुधा निघतो. शस्त्रक्रिया झाल्यावर हे कळून मनास झालेला क्लेश मी पाहिला आहे, आणि तो टाळता येण्याजोगा होता.

वरच्या दाढांच्या जागी आणखी एक अडचण असते. तेथे हाडाच्या वर गालाची पोकळी, म्हणजे सायनस, असते, आणि दाढ गेल्यावर खालून हाड विरते तशी वरून ही पोकळीही खाली उतरते, आणि मध्ये कधी कधी अंड्याच्या टरफलाएवढाच पापुद्रा उरतो. अशा ठिकाणी पोकळीचे नाजूक अस्तर वर उचलून त्याखाली भर घालतात व सहा ते नऊ महिने थांबतात. ही शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने दोन आठवडे तरी नाक जोराने शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यावी, आणि विमानप्रवास करावयाचा असेल तर आधी वैद्यांना विचारावे. हाडाची भर कोठेही घातलेली असो, पहिले काही दिवस त्या जागी ओठ वर करून आरशात पाहण्याचा मोह फार होतो. तो आवरावा, कारण ओठ ओढला की टाक्यांवर ताण येतो. चूळ खळखळून भरू नये, तोंडात पाणी घेऊन मान हलवावी आणि पाणी सोडून द्यावे. जुना काढता-घालता येणारा दात त्या जागेवर दाबून बसत असेल तर तो वैद्यांकडून घासून घेतल्याखेरीज लावू नये.

पाच-सहा महिन्यांनी ती जागा पुन्हा उघडतो, तेव्हाचे दृश्य माझ्यापुरते अद्याप जुने झालेले नाही. हिरडी बाजूला केली की पूर्वीच्या धारेच्या जागी फिकट गुलाबी, किंचित खडबडीत असा एक उंचवटा दिसतो; त्यात पांढरे दाणे लाडवातल्या खसखशीसारखे रुतलेले असतात, बोथट हत्याराने दाबले तर ते हलत नाहीत, आणि हत्याराचे टोक किंचित खुपसले तर बारीक रक्ताचा ठिपका वर येतो. तो ठिपका दिसला, की जागेवर जिवंत हाडाचा ताबा आला असे समजावयाचे. दाणे सुटे निघाले, खाली मऊ लागले, तर कॅलेंडरात किती महिने झाले आहेत याला काही अर्थ नसतो. पुन्हा थांबावे लागते. 'सहा महिने झाले, आता बसवून टाका' असा तगादा रुग्णाने लावू नये, आणि वैद्यानेही त्याला वश होऊ नये.

स्क्रू बसला, तो घट्ट बसला, म्हणजे स्थिर झाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या स्थैर्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील फरक न कळल्यामुळे पुष्कळ नुकसान होते. पहिल्या दिवशीचे स्थैर्य हे लाकडात फिरवलेल्या स्क्रूचे असते : आटे हाडात रुतलेले असतात, एवढेच. हाड मात्र लाकूड नव्हे. दाबलेले व दुखावलेले हाड शरीर आपणहून काढून टाकू लागते, आणि त्याच्या जागी नवे हाड घडवू लागते. जुने जाण्याचा वेग आणि नवे येण्याचा वेग यांचा मेळ लगेच बसत नसल्यामुळे, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्क्रूचे स्थैर्य पहिल्या दिवसापेक्षा कमी झालेले असते. नेमक्या याच वेळी सूज गेलेली असते, दुखणे थांबलेले असते, टाके निघालेले असतात, आणि सारे सुरळीत झाले असे समजून मनुष्य त्या बाजूने भाकरी, शेंगदाणे, चिक्की चावू लागतो. एक मिलिमीटरच्या दशांशाहून अधिक हालचाल त्या काळात वारंवार झाली, तर हाडाऐवजी तंतूंचे वेष्टण बनते, आणि तसे एकदा बनले की तो स्क्रू पुन्हा धरत नाही, काढावाच लागतो. म्हणून दुखत असो वा नसो, पहिले सहा ते आठ आठवडे त्या बाजूला मऊ अन्न, ही पथ्याची मुदत पुरी करावी. हे स्थैर्य मोजण्याचे एक उपकरण आहे. ते स्क्रूला सूक्ष्म कंप देऊन एक ते शंभर या श्रेणीत आकडा दाखवते, आणि सत्तरच्या आसपासचा वा त्यावरचा आकडा समाधानकारक मानतात. एकट्या आकड्यापेक्षा दोन तारखांचे आकडे ताडून पाहणे अधिक उपयोगाचे असल्यामुळे, आपल्या वैद्यांकडे हे उपकरण असेल तर दोन्ही आकडे मागून घेऊन कागदावर टिपून ठेवावेत.

'एका दिवसात दात' अशा पाट्या आता गावोगावी दिसतात. ती पद्धत खोटी नाही. हाड दाट असेल, स्क्रू फिरवताना पुरेसा जोर लागला असेल, आणि अनेक स्क्रू एकाच पुलाने एकमेकांस बांधले जात असतील, तर पहिल्याच दिवशी तात्पुरते दात देता येतात. परंतु जेथे हाड नुकतेच वाढवलेले आहे, तेथे हा आग्रह धरणे म्हणजे ओल्या भिंतीवर तुळई टेकवण्यासारखे आहे.

आपली कोणती माहिती वैद्यांपासून लपवू नये हेही सांगितले पाहिजे. मधुमेह असेल तर तो दडवू नये. गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी करावी, ती सात टक्क्यांच्या आसपास असेल तर मधुमेहामुळे काम अडत नाही, फार वर असेल तर आधी ती खाली आणावी. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल अथवा कर्करोग हाडांत पसरल्याबद्दल ज्यांना गोळ्या किंवा इंजेक्शने चालू आहेत, त्यांनी औषधाचे नाव दाखवावे, कारण त्या औषधांनी जबड्याची जखम न भरून हाड उघडे पडण्याचा धोका संभवतो. मात्र ते औषध आपल्या मनाने बंद करू नये. जबड्यावर किरणोपचार झाले असतील तर तेही सांगावे. आणि तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट न धरण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. आपल्याकडे मळलेली तंबाखू, गुटखा आणि बायकांत मिश्री यांची भर आहे. गुटख्याने गाल आतून कडक झालेल्या मनुष्याच्या तोंडात तीन बोटे उभी शिरत नाहीत, तेथे दाढेपर्यंत यंत्र नेणेच अशक्य होते. मिश्री लावणाऱ्या किती तरी आयाबायांना ती दातांचे औषधच वाटते. त्यांना रागे भरून काही साधत नाही. 'हाड धरेपर्यंत तीन महिने सोडा' असे मुदत घालून सांगितले, तर त्यांतल्या काही जणी ती सोडतात आणि पुढे हात लावत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

ज्याला हाड नाही त्या प्रत्येकाने ते वाढवूनच घ्यावे असेही माझे म्हणणे नाही. कमी उंचीच्या जागी आखूड इम्प्लांट पुष्कळदा चांगले चालतात. शेजारचे दोन्ही दात आधीच कॅप घालण्याच्या स्थितीत असतील तर साधा पूल बसवणे शहाणपणाचे. आणि ऐंशीच्या घरातील, चार औषधे घेणाऱ्या वृद्धाला खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट व त्यांवर अडकणारी कवळी यापलीकडे बहुधा काही लागत नाही. एकच सल्ला मिळाला असेल आणि तो मोठ्या शस्त्रक्रियेचा असेल, तर दुसरे मत जरूर घ्यावे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंतमहाविद्यालये आणि गोव्यात बांबोळीचे दंतमहाविद्यालय यांच्या बाह्यरुग्ण विभागांत ते मिळू शकते.

आता राहिला तो वर्षानुवर्षांचा मामला. नैसर्गिक दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मधल्या तंतूंच्या झोळीत तो टांगलेला असतो, आणि चावताना काही दशांश नाही तरी काही शतांश मिलिमीटर खाली दबतो. इम्प्लांट तसा दबत नाही, आणि त्या तंतूंत असलेली जाणीवही त्याला नसते. खडा दाताखाली आला तर जबडा चटकन उघडतो, इम्प्लांटखाली आला तर उशिरा कळते. म्हणून रात्री दात खाण्याची सवय असलेल्यांनी झोपताना प्लास्टिकचे संरक्षक साधन वापरण्यात कुचराई करू नये. त्याहून मोठा शत्रू म्हणजे हिरडीच्या कडेला साचणारा मऊ थर. दाताभोवती हिरडीचे तंतू मुळात आडवे रोवलेले असतात व जंतूंना बांधासारखे अडवतात. इम्प्लांटभोवती ते नुसते लपेटलेले असतात, त्यामुळे दाह एकदा खाली उतरू लागला की हाडापर्यंत लवकर पोहोचतो, आणि दुखत मात्र नाही. ब्रश करताना त्या जागी रक्त येणे, हिरडी जांभळट होणे, दाबल्यावर पू येणे ही लक्षणे दिसताच जावे. हिरडीपुरता दाह स्वच्छतेने पुरता बरा होतो. हाड गेल्यावर ते पुन्हा आणण्याच्या शस्त्रक्रिया आहेत, पण त्यांना यश येते ते हाडाची झीज विहिरीसारखी भिंती राखून झाली असेल तर. सर्व बाजूंनी सपाट उतरलेले हाड सहसा परत येत नाही. दोन दातांमधून फिरणारा बारीक ब्रश रोज रात्री वापरावा, त्याचा आकार वैद्यांकडून निवडून घ्यावा, आणि सहा महिन्यांनी, मधुमेही वा पूर्वी हिरड्यांच्या रोगाने दात गेलेल्यांनी तीन महिन्यांनी, तपासणीस जावे.

इम्प्लांटवरचा दात हलू लागला म्हणजे सारे संपले असे समजून काही जण घाबरतात, तर काही जण 'थोडा हलतो, चालायचेच' म्हणून महिनोन्‌महिने बसून राहतात. पुष्कळदा हलत असते ती वरची कॅप. तिला इम्प्लांटशी जोडणारा छोटा स्क्रू सैल झालेला असतो, आणि तो वेळीच आवळला तर दहा मिनिटांचे काम असते. तसाच चावत राहिल्यास तो आत मोडतो, आणि मोडलेला तुकडा काढणे हे फार चिवट काम आहे. येथेच एका साध्या कागदाचे महत्त्व कळते. प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनावर कंपनीचे नाव, मापे आणि तुकडीचा क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. ती आपल्या कार्डावर लावून मागावी. पुण्याला मुलाकडे राहावयास आलेले एक गृहस्थ अशीच सैल कॅप घेऊन आले. इम्प्लांट दुसऱ्या प्रांतात बसवलेला, कागद कोणताच नाही, आणि प्रत्येक कंपनीच्या स्क्रूची खाच निराळी. माझ्याजवळच्या साऱ्या किल्ल्या लावून पाहिल्या, मित्रांकडच्या मागवल्या, आणि जुळणारी किल्ली अकराव्या दिवशी सापडली.

या कागदाबरोबरच, कॅप बसवली त्या दिवशीचा एक क्ष-किरण फोटो आणि त्यानंतर एक वर्षाने त्याच कोनातून घेतलेला दुसरा, हे दोन्ही आपल्या दप्तरी असावेत. पहिल्या वर्षात हाड एक मिलिमीटरभर खाली उतरले तर त्यात विशेष नाही. त्यानंतर वर्षाला मिलिमीटरच्या दोन-दशांशाहून कमी घट असावी, हा १९८६ पासून चालत आलेला दंडक आहे, आणि मूळ फोटो नसेल तर तो लावावयाचा कशाच्या आधारावर? एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर वर्षी दिवाळीनंतर एक खाकी पाकीट घेऊन येतात. त्यात खालच्या दाढेच्या जागेचे अकरा फोटो तारखेनुसार लावलेले असतात. पहिल्यात हाड स्क्रूच्या अगदी गळ्याशी, दुसऱ्यात एक आटा खाली, आणि त्यानंतरच्या नऊ फोटोंत त्याच आट्याशी. गेल्या खेपेस बारावा घेतला, खिडकीच्या उजेडात दोघांनी मिळून आटे मोजले, आणि मागे तारीख लिहून त्यांनी तो पाकिटात सर्वांच्या शेवटी ठेवला.